गुडघाभर समुद्र

समुद्रावर सहकुटुंब गेल्यावर एका माणसानं कपड्यांपाशी बसलंच पाहिजे, असं माझं प्रामाणिक मत आहे. बाकीची मंडळी पाण्यात डुंबत असताना टॉवेल, चपला, चष्मे, घराच्या किल्ल्या आणि कोणाची तरी कागदात गुंडाळलेली कवळी सांभाळत तळपत्या उन्हात बसून राहायचं, हे येरागबाळ्याचं काम नव्हे. राजधानीजवळच्या बोका चिकाच्या किनाऱ्यावर ही जबाबदारी मी एकतीस वर्षं पार पाडली. आमच्या इमारतीत त्याचं मोठं कौतुक आहे. तिसऱ्या मजल्यावर केस कापण्याचं दुकान चालवणाऱ्या ओतिलियाबाई तर गिऱ्हाइकांना सांगतात, "नवरा असावा तर नेरेइदाच्या एलिगियोसारखा. स्वतः कोरडा राहील, पण बायकोच्या चपला हलू देणार नाही."

एवढ्या कौतुकानंतर खरं सांगणं जिवावर येतं, पण सांगून टाकतो. मला पाण्याची भीती वाटते. घोट्यापर्यंत पाणी असलं तर मी चारचौघांसारखा माणूस असतो. घोट्याच्या वर आलं की कानांना दडे बसतात आणि पाय माझं ऐकेनासे होतात. यामागे काही हृदयद्रावक घटना वगैरे नाही. लहानपणी मी बुडालो नाही, मला कोणी ढकललं नाही. काही लोक पालीला घाबरतात, तसा मी समुद्राला घाबरतो. फरक इतकाच, की पाल तुमच्या चारी बाजूंनी नसते. मी मात्र बेटावर जन्मलो.

हे कोणालाच माहीत नव्हतं. नेरेइदाला, म्हणजे माझ्या बायकोलाही नाही. किंवा असलं तरी तिनं कधी विषय काढला नाही. माझी कोंडी झाली ती तिच्या आईपायी, आणि तीही माझ्याच जिभेमुळे. लग्नाची मागणी घालायला मी कोन्स्तान्साला गेलो होतो. डोंगरातलं गाव, कडाक्याची थंडी, घरात लसणाच्या माळा. सासूबाई दोन्या क्लेमेन्सिया चुलीपाशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मुलीला खाली समुद्राकाठी नेताय. मी तर समुद्रात अजून पाऊलसुद्धा ठेवलेलं नाही." यावर शहाण्या माणसानं नुसतं हसावं. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "पुढच्या वर्षी मी स्वतः तुम्हाला हाताला धरून समुद्रात नेईन!" लग्न ठरलं.

पुढच्या वर्षी वादळ आलं. त्याच्या पुढच्या वर्षी निवडणूक होती. मग मुलीची परीक्षा, मग मुलाची परीक्षा, मग पाण्यात झोंबणारे जेलीफिश आल्याची बातमी, आणि एका वर्षी तर मी नुसतंच "यंदा समुद्र ठीक नाहीये" असं सांगून वेळ मारून नेली. मधूनमधून सासूबाई राजधानीत आमच्याकडे यायच्या, पण राजधानीचा समुद्र हा कठड्यावरून बघायचा समुद्र. खाली नुसते खडक. नेरेइदा म्हणायची, "आई, मी नेते तुला बोका चिकाला." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं: "ज्यानं शब्द दिलाय, तो नेईल." दरवर्षी ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात त्यांचा फोन यायचा. माझी, मुलांची, हवेची चौकशी झाली की शेवटी विचारायच्या, "आणि समुद्र आहे ना अजून जागेवर?" मी "आहे, आहे" म्हणायचो आणि फोन बायकोकडे द्यायचो.

यंदा फोन आला नाही. रविवारी दुपारी सासूबाईच आल्या. एका हातात लसणाचं पोतं, दुसऱ्या हातात पिशवी, आणि पिशवीत काळे रबरी बूट, नवे कोरे. बूट त्यांनी जेवणाच्या टेबलाशेजारी मांडले आणि म्हणाल्या, "जावईबापू, पुढच्या वर्षी हे गुडघे मला बसमध्ये चढू देतील असं वाटत नाही. या वेळी समुद्रात बसल्याशिवाय मी घरी जाणार नाही." पंच्याहत्तर वर्षांची बाई, पण आवाज असा की टेबलावरचा पेला सरळ उभा राहावा.

मी दोन दिवस जेवलो नाही म्हटलं तरी चालेल. मंगळवारी मात्र मला एक युक्ती सुचली, आणि ती इतकी सुबक होती की आरशात बघून मी स्वतःशीच हसलो. आमच्याकडे लहान पोरालासुद्धा माहीत आहे, की गुड फ्रायडेला जो पाण्यात उतरतो त्याचा मासा होतो. हल्लीची मंडळी हे मानत नाहीत, ती खुशाल उतरतात. पण सासूबाई त्या दिवशी केससुद्धा विंचरत नाहीत, केर काढत नाहीत, मोठ्यानं बोलत नाहीत. त्यांना गुड फ्रायडेलाच समुद्रावर न्यायचं! समुद्र समोर असेल, मी शेजारी असेन, शब्द पाळल्यासारखा होईल, आणि पाण्यात उतरण्याचा प्रश्नच येणार नाही.

रात्रीच्या जेवणाला मी गंभीर चेहरा करून म्हणालो, "कचेरीला सुट्टी तेवढी शुक्रवारचीच आहे. जायचं तर शुक्रवारी."

सासूबाईंनी चमचा खाली ठेवला. "शुक्रवारी पाण्यात उतरलं की मासा होतो."

"तसं म्हणतात खरं," मी हळहळलो. "काय करणार! काठावर बसू, हवा खाऊ, डोळे भरून बघू."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ निरखून पाहिलं. मग म्हणाल्या, "बरं."

मी तिथंच सावध व्हायला हवं होतं. जी बाई लसणाच्या व्यापाऱ्याशी अर्धा दिवस हुज्जत घालते, ती एका शब्दात "बरं" म्हणते तेव्हा माणसानं दोन रात्री झोपू नये. मी घोरत पडलो.

आता आमच्या तिघांच्या या छोट्याशा सहलीचं पुढे जे काय झालं, त्याला कारण खीर. पवित्र आठवड्यात आमच्याकडे घरोघरी लाल घेवड्याची खीर होते. नारळाचं दूध, रताळ्याचे तुकडे, बेदाणे, वर छोटी छोटी बिस्किटं. ही खीर आपल्या घरात खाण्यासाठी नसतेच. ती वाडग्यातून शेजारी पाठवायची आणि शेजाऱ्यांची आली की तिला नावं ठेवत खायची. गुरुवारी कचेरी अर्धाच दिवस होती. नेरेइदानं सोळा वाडगे भरले आणि ते वाटायला मी व सासूबाई निघालो. प्रत्येक दारात मी वाडगा पुढे करायचो आणि सासूबाई म्हणायच्या, "उद्या माझा जावई मला समुद्रावर नेतोय. एकतीस वर्षांपूर्वी शब्द दिला होता त्यानं."

यावर कोणता शेजारी गप्प बसेल? ओतिलियाबाईंनी दोन्ही हात गालांवर ठेवले. "अगं बाई! मग आम्हीपण येतो! एवढा सोहळा आणि आम्ही घरी बसायचं?" रिकामा वाडगा परत करायचा नाही ही रीत, त्यामुळे प्रत्येक वाडगा येताना एकेक माणूस घेऊन आला. संध्याकाळपर्यंत आम्ही एकोणीस झालो. माझ्या छोट्या फियाटमध्ये एकोणीस माणसं मावत नाहीत, हे मी नम्रपणे मांडून बघितलं. तळमजल्यावरच्या सार्जंट पोलिबियोंनी रात्रीपर्यंत भाच्याची मिनीबस ठरवलीसुद्धा.

सार्जंट पोलिबियो नौदलात सव्वीस वर्षं होते, म्हणून इमारतीत समुद्राविषयीचा शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी मला जिन्यात थांबवून घेतलं. "एलिगियो, म्हाताऱ्या माणसाला समुद्रात नेणं म्हणजे पोरखेळ नाही. माझ्याकडे वीस मीटरचा दोर आहे. एक टोक बाईंच्या कमरेला, दुसरं तुझ्या." मी म्हणालो, "सार्जंट, आम्ही उतरणारच नाही आहोत." ते म्हणाले, "सगळे असंच म्हणतात," आणि दोर आणायला गेले.

खरा गोंधळ पुढेच होता. समुद्रावर स्पॅगेटी न नेणाऱ्या कुटुंबाला आमच्याकडे कोणी मुलगी देणार नाही. मोठं पातेलंभर स्पॅगेटी, सोबत पाव, वाळूत बसून पावात भरून खायची. तिघांची स्पॅगेटी आमच्या घरच्या पातेल्यात झाली असती. एकोणीस जणांसाठी सार्जंटनी जो टोप काढला तो पन्नास खलाशांचा होता. नौदलातली त्यांची सव्वीस वर्षं मुख्यतः स्वयंपाकघरात गेली, हे त्या निमित्तानं उघड झालं. मग वाद सलामीवरून पेटला. स्पॅगेटीत सलामीच्या, म्हणजे त्या जाड्या सॉसेजच्या, चकत्या हव्याच. पण गुड फ्रायडेला मटण-मांस चालत नाही.

"सलामी म्हणजे काही मांस नव्हे," सार्जंट म्हणाले. "सलामी म्हणजे सलामी."

"तिच्यात काय असतं ते तुम्हाला तरी माहीत आहे का?" ओतिलियाबाई.

"कोणालाच माहीत नाही. म्हणूनच म्हणतो."

सासूबाईंनी निकाल दिला, की खारवलेला मासा घालायचा. सार्जंटनी मान तुकवली आणि एक सलामी कागदात गुंडाळून "शनिवारसाठी" म्हणून खिशात टाकली. शनिवारी आम्ही समुद्रावर नसणार, याकडे कोणी त्यांचं लक्ष वेधलं नाही.

शुक्रवारी उजाडता उजाडता मिनीबस लागली. बसायला बरोबर एकोणीस जागा होत्या, पण टोप कोणाच्या मांडीवर मावेना. त्याला खाली ठेवावं तर वळणावर कलंडेल. शेवटी त्याला खिडकीची जागा देऊन पट्टा बांधण्यात आला आणि या सहलीचा जन्मदाता असलेला मी, वय वर्षं अठ्ठावन्न, सरकारी नोकरी अठ्ठावीस वर्षं, दाराशी दांडी धरून उभा राहिलो. वाटेत ओतिलियाबाई दोनदा म्हणाल्या, "एलिगियो, टोपाकडे लक्ष असू दे." माझ्याकडे लक्ष असू दे, असं टोपाला कोणी म्हणालं नाही.

किनाऱ्याच्या तोंडाशी बचाव पथकाचा तंबू होता. या आठवड्यात निम्मी राजधानी समुद्रावर लोटते, म्हणून ते ठिकठिकाणी उभे असतात. नारिंगी जाकीट घातलेली एक तरतरीत मुलगी हातात कागद लावलेली फळी घेऊन बसमध्ये चढली, माणसं मोजली, टोप मोजला, तो माणूस नाही हे पाहून खोडला, आणि सासूबाईंपाशी थांबली. "सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाबरोबर पोहता येणारा एक जबाबदार माणूस हवा. त्याची सही लागेल. यांच्याबरोबर कोण?"

"सार्जंट!" सगळे एका सुरात म्हणाले. "सार्जंट नौदलात होते!"

सार्जंट खिडकीबाहेर बघू लागले. "मी जहाजावर होतो," ते म्हणाले. "पाण्यात नव्हतो."

मग सासूबाई म्हणाल्या, "माझा जावई आहे ना."

फॉर्म माझ्या हातात आला. मी जन्माच्या दाखल्यांच्या कचेरीत खिडकीवर बसतो. एक शिक्का कमी असला तरी मी माणसाला परत पाठवतो. एकदा एका गृहस्थाला तो जन्मल्याचा पुरावा पुरेसा नाही म्हणून तीनदा परत पाठवलं होतं. तर अशा माणसासमोर छापील रकाना आला: "किती मीटर पोहता येतं?" मी लिहिलं, "पुरेसं." मुलगी म्हणाली, "काका, आकडा लागतो." तिचं बरोबर होतं, मीही तेच म्हणालो असतो. अठरा जणांचे श्वास माझ्या मानेवर होते. मी "दोनशे" असं लिहिलं. उभ्या आयुष्यात सरकारी कागदावर लिहिलेलं माझं ते पहिलं खोटं, आणि अक्षर इतकं सुंदर आलं की माझं मलाच वाईट वाटलं.

बोका चिकाला मी किती वर्षं जातोय, पण प्रत्येक वेळी त्या किनाऱ्याला मनातल्या मनात हात जोडतो. इतका सभ्य समुद्र दुसरा नसेल. दूरवर प्रवाळाचा बांध आहे, लाटा तिथंच आपटून पांढऱ्या होतात आणि आतलं पाणी घरच्या अंगणासारखं गुपचूप पडून असतं. माणसं तासन्‌तास चालत आत जातात आणि पाणी छातीच्या वर येत नाही, असं मी कपड्यांपाशी बसून ऐकलेलं आहे. त्या दिवशी तर पाण्यात अख्खी राजधानी बसली होती. चार म्हातारे पाण्यात टेबल रोवून डोमिनो खेळत होते. एक बाई गळ्यापर्यंत बुडून धाकट्या बहिणीच्या नवऱ्याची उणीदुणी काढत होती आणि अनोळखी बायका भोवती बसून माना डोलवत होत्या. कोणी यानिकेके तळत होतं, मैद्याचे, मोठ्या पुरीएवढे, आणि त्यांच्या वासानं चांगल्या चांगल्यांचा उपास मोडत होता. कोणी कोणाला ओळखत नव्हतं, आणि मीठ मागायला कोणी लाजत नव्हतं. हे सगळं मला फार आवडतं, फक्त कोरड्यानं.

सासूबाईंना छत्रीखाली खुर्ची दिली. त्यांनी रबरी बूट चढवले, हात मांडीवर ठेवले आणि त्या तासभर समुद्राकडे बघत बसल्या. स्पॅगेटी दिली ती खाल्ली. मी कपड्यांच्या ढिगाशेजारी हळूच बैठक मारली. वाटलं, पार पडलं सगळं.

"जावईबापू," सासूबाई उभ्या राहिल्या होत्या. "चला."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? हा काय समोर."

"पण... आज शुक्रवार आहे!"

"कॅलेंडर मलापण वाचता येतं."

"मासा!" मी जवळजवळ ओरडलो. "तुम्हीच म्हणालात, मासा होतो!"

सासूबाईंनी झगा सारखा केला. "पंच्याहत्तर वर्षं माणूस होऊन बघितलं," त्या म्हणाल्या. "आता मासा झाले तर झाले. माशाला गुडघे तरी नसतात."

एवढ्यात आमची सगळी मंडळी जमली आणि तज्ज्ञांची बैठकच बसली. सार्जंटच्या मते डोकं बुडालं तरच मासा होतो, कमरेपर्यंत धोका नाही. ओतिलियाबाईंच्या चुलतबहिणीच्या अंगावर गुड फ्रायडेला आंघोळ केल्यावर खवल्यांसारखं काहीतरी उठलं होतं, ते पुढे आठ दिवसांनी मलमानं गेलं. मी काकुळतीला येऊन समुद्रातल्या हजारभर लोकांकडे बोट दाखवलं आणि म्हणालो, "ते बघा, ते सगळे..." आणि माझ्या लक्षात आलं, की मी माझ्याच विरुद्ध बोलतोय.

"त्यांचं सोडा," सार्जंट म्हणाले. "ते न मानणारे. जो मानतो त्यालाच होतं. चांगल्या घरातला, देवाला भिऊन असणारा माणूस आधी उतरवून बघायला पाहिजे."

अठरा जणांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. ओतिलियाबाई म्हणाल्या, "एलिगियो आहे की! संत माणूस!"

"जावईबापू आधी!" कोणीतरी आरोळी ठोकली आणि सगळे टाळ्यांच्या ठेक्यावर तेच म्हणू लागले. नेरेइदानं मात्र माझ्या हातातली किल्ल्यांची जुडी काढून घेतली आणि माझ्या दंडावर हलकेच थोपटलं. तिला माहीत होतं. पहिल्यापासून माहीत असणार.

मी विजारीचे पाय वर दुमडले आणि निघालो. घोट्यापर्यंत पाणी आलं. कोमट होतं. पोटऱ्यांपर्यंत आलं. मागून सार्जंट ओरडले, "पाठीवर खवले आले का रे?" हशा पिकला. गुडघ्यापर्यंत आलं आणि माझे पाय थांबले. मी त्यांना सांगितलं, विनवलं, मनातल्या मनात त्यांच्यावर कचेरीतल्या आवाजात खेकसलो. ते हलले नाहीत. पुढे जाता येईना, मागे वळता येईना. कानांना दडे बसले. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस गुडघाभर पाण्यात खांबासारखा उभा, आणि शेजारून दोन वर्षांचं एक पोर पाणी उडवत पळत गेलं.

कोणीतरी माझा हात धरला. सासूबाई बुटांसकट आत आल्या होत्या. लांबून बघणाऱ्यांना वाटलं असणार, जावयानं सासूला हाताला धरलं. काठावर टाळ्या वाजल्या.

"हात थरथरतोय तुमचा," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"पाणी गार आहे."

"गार पाणी मला सांगू नका. मी कोन्स्तान्साची आहे." त्यांनी बुटातला पाय वाळूत घट्ट रोवला. "कधीपासून वाटते भीती?"

खोटं बोलायला माझ्याकडे काही शिल्लक नव्हतं. "पहिल्यापासून."

"म्हणून एकतीस वर्षं नेलं नाहीत?"

"म्हणून."

सासूबाई समोर बघत राहिल्या. त्यांचं तोंड मला दिसत नव्हतं. "मला वाटायचं," त्या म्हणाल्या, "तुम्हाला माझी लाज वाटते. डोंगरातली बाई, हाताला लसणाचा वास. शहरातल्या चार लोकांत कशाला मिरवायची, असं वाटत असेल तुम्हाला. एकतीस वर्षं तेच वाटायचं. नेरेइदाला कधी बोलले नाही."

मी खूप काही बोलायला पाहिजे होतं. कचेरीत मी दिवसभर बोलतो. तिथं माझ्या तोंडून "नाही हो, नाही" एवढंच कसंबसं निघालं. आपली अब्रू जपण्यापायी मी या बाईला इतकी वर्षं काय काय वाटू दिलं होतं! फोनवर त्या समुद्राची चौकशी करत होत्या आणि मी त्यांना वादळाच्या बातम्या देत होतो. मला त्या क्षणी माझी इतकी लाज वाटली, की भीती जराशी मागे सरली.

"नदी ओलांडतो तशी ओलांडायची," सासूबाई म्हणाल्या, जसं काही झालंच नव्हतं. "पाण्याकडे बघायचं नाही, समोर बघायचं. पाऊल उचलायचं नाही, सरकवायचं. आमच्याकडे पुरात बैलसुद्धा असाच नेतात. चला."

मी पाऊल सरकवलं. मग दुसरं. बचाव पथकाच्या मुलीनं काठावरून शिट्टी मारली, "काका, आजींचा हात सोडू नका!" सासूबाई मोठ्यानं म्हणाल्या, "नाही सोडत तो!" आणि मला ओढून पुढे नेलं. पाणी कमरेला लागलं. मी जिवंत होतो. डोमिनोवाल्या म्हाताऱ्यांच्या टेबलापर्यंत आम्ही पोचलो होतो. इतक्या आत मी आयुष्यात कधी आलो नव्हतो.

आणि तिथं समोरून आमचे साहेब आले. साहेब अरिस्तिदेस म्हणजे आमच्या कचेरीचे प्रमुख. पंखा बंद पडला तरी कोट न काढणारा माणूस. अकरा वर्षांत माझ्याशी एकूण तीन वाक्यं बोललेले, त्यांतलं एक "दार लावा" हे होतं. आता त्यांच्या अंगावर कोट नव्हता. कमरेभोवती पोरांची पिवळी हवेची रिंग होती आणि रिंगला पुढे बदकाचं डोकं होतं. आम्ही एकमेकांना अशा अंतरावर दिसलो, की ओळख न दाखवणं शक्य नव्हतं.

सासूबाई माझा हात सोडवून घेऊ लागल्या. साहेब आहेत हे माझ्या चेहऱ्यावरूनच त्यांनी ओळखलं होतं, आणि त्या बाजूला व्हायला निघाल्या होत्या. मी हात सोडला नाही. उलट घट्ट धरला.

"साहेब," मी म्हणालो, आणि कानांना दडे बसल्यामुळे माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा बराच मोठा निघाला. "या माझ्या सासूबाई, दोन्या क्लेमेन्सिया. कोन्स्तान्साला लसूण पिकवतात. तिथला सगळ्यात चांगला लसूण यांचा. मला पाण्याची भीती वाटते, साहेब. पोहता येत नाही. तंबूतल्या फॉर्मवर मी खोटं लिहिलंय. आज यांनी मला हाताला धरून इथपर्यंत आणलं. मला यांचा फार अभिमान वाटतो."

डोमिनोच्या सोंगट्या थांबल्या. गळ्यापर्यंत बुडालेल्या बाईनं बहिणीच्या नवऱ्याला क्षणभर मोकळं सोडलं. काठावरही ऐकू गेलं असणार, कारण सार्जंटच्या हातातून दोर खाली पडलेला मी वळून स्पष्ट पाहिला.

साहेबांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मग बदकाच्या डोक्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "ही रिंग नातवाची आहे असं मी सगळ्यांना सांगतो. मला नातू नाही."

सासूबाईंनी दुसरा हात पुढे केला. "या साहेब. बदक या टेबलावर ठेवा. इथले लोक बघतील त्याच्याकडे."

साहेबांनी रिंग काढून डोमिनोच्या टेबलावर ठेवली आणि माझ्या सासूबाईंचा हात धरला. खात्यातले दोन जबाबदार अधिकारी दोन बाजूंना आणि मध्ये त्या, असे आम्ही पाऊल सरकवत बांधाच्या दिशेनं निघालो. त्यांचा झगा पाण्यावर फुगून आला होता. चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला बघवेना, म्हणून मी सांगितल्याप्रमाणे समोर बघत होतो.

थोडं पुढे गेल्यावर त्यांनी माझा हात दाबला. साहेबांना ऐकू जाऊ नये म्हणून माझ्याकडे वाकल्या. "एवढंच सांगायचं होतं, तर एकतीस वर्षं कशाला लावलीस रे, गाढवा?"

कोन्स्तान्साला त्यांचे तीन मुलगे आहेत. गाढव त्या फक्त त्यांनाच म्हणतात. मला त्यांनी तोवर कधी म्हटलं नव्हतं. मी नुसती मान हलवली आणि पुढचं पाऊल सरकवलं. पाणी तेव्हा माझ्या छातीपर्यंत आलं होतं.